दोन माठ गुडाखू

अकोला. शके १७८५, कार्तिक व. ३

आज दोन्ही माठ जमिनीतून काढले. आषाढात करीमचाचांच्या आंगणात पुरले होते. तोंडावरची माती फोडली अन् असा वास सुटला की गल्लीतून जाणारी दोन माणसं उभी राहिली. राहतीलच. तंबाखूचं पान आमच्या मळ्यातलं, कुटलं मी, गूळ घालून मळलं मी. आंबवायचं खमीर तेवढं चाचांच्या हंडीतलं, एक मूठ.

चाचा माझे उस्ताद. बारा वर्षं झाली त्यांच्या हाताखाली हुक्क्यात-चिलमीत ओढायचा गुडाखू करून राहिलो. आज म्हणाले, "नामा, यंदा सुकवायचं तूच. मी हात नाही लावणार. रमजानचा चांद दिसायच्या आधी दोन्ही माठ आणून दे. जमलं तर हंडी तुझी. नाही तर तो अमरावतीचा दलाल मागून राहिला, त्याले देऊन टाकतो."

दलालाले! हंडी चाचांच्या बापाच्या वेळची. तिच्यातल्या खमिराशिवाय हा वास कोणाच्या बापाले जमणार नाही. अन् तो दलाल पानात भुसा मिसळून विकते. चाचांचा पोरगा युसुफ कापसाच्या गाड्यांमागे अमरावतीत बसला, त्याले हंडीचं काही नाही. म्हंजे मीच उरलो.

माठ डोक्यावर घेऊन घरी आलो. सुकवणं म्हंजे काय मोठं. बारा वर्षं पाहून राहिलो न.

कार्तिक व. ६

पहिला माठ उघडला. माल ओला गच्च. मुठीत दाबला तर बोटांतून वर आला. असा चिलमीत भरला तर निखारा विझून जाईल, धूर नाही अन् काही नाही.

चाचांची रीत: मूठ आवळायची, उघडायची. गोळा तसाच राहिला तर ओला. भुगा झाला तर मेला. हळूच दोनतीन ठिकाणी फुटला तर माठात भरायचा. ऊन दाखवायचं नाही, वास उडते. दव लागू द्यायचं नाही, बुरशी धरते. सावलीत, हवेवर, उलटत सुलटत.

पडवीत बाज टाकली, वर गोणपाट, त्यावर माल पसरला. दुसरा माठ अजून बंद.

घरची म्हणे, "बाजेवर तंबाखू, मंग तुमी कुठी निजता?"

"खाली."

"निजा बाप्पा. मले वाटलं मलेच खाली धाडता."

कार्तिक व. १३

सात दिवस. काही फरक नाही. थंडी पडली, सकाळी धुकं. दिवसा जेवढं सुकते तेवढं पहाटे परत ओलं. काल गोणपाटाच्या कोपऱ्याले पांढरं दिसलं. पांढरं म्हंजे बुरशी. तेवढा कोपरा फेकला. चाचांले सांगितलं नाही, कावून सांगू? मूठभर तर होतं.

आत कोरड्या खोलीत न्यावं तर...

मार्गशीर्ष शु. २

कोरड्या खोल्या दोन. दोन्हींत कापूस. आमच्या थोरल्या दादांनी भरला. आमच्या शेतातला नाही, इकडून तिकडून घेऊन घेऊन छतापर्यंत. भाव अजून चढते म्हंतात. सातासमुद्रापलीकडे कुठी लढाई चालली म्हणे, अन् आमच्या घरात पाय ठेवायले जागा नाही. अकोल्यात सोनाराच्या घरी कापूस, वैद्याच्या घरी कापूस, देवळाच्या ओसरीवर कापूस. वैद्यबुवा काल नाडी पाहता पाहता मलेच विचारते, बोंड कसं आहे!

दादांले म्हटलं, एक कोपरा द्या. दादा म्हणाले, "तंबाखू पोट भरते का बे? चार महिने थांब, मंग तुले तंबाखूची कोठी बांधून देतो."

दादांचं नेहमीच चार महिने. मले रमजानच्या आत पाहिजे.

मार्गशीर्ष शु. ५

आज डोकं चाललं. काय चाललं!

सकाळी ओले हात घेऊन खोलीत गेलो, ढिगाले टेकलो. हात काढला तर कोरडा. कापूस पाणी ओढते हे कोणाले सांगायले पाहिजे? पण तंबाखूले वापरायचं कोणाच्या डोक्यात आलं? माझ्या.

दादा बाजारात गेले तसं ढिगावर माझं जुनं धोतर अंथरलं, चार पदरी नाही, एकपदरीच, म्हंजे कापसाले ओल लवकर भेटते. त्यावर माल पातळ पसरला. खोली कोरडी, उबदार, ना दव ना ऊन. चाचांच्या बापाले सुचलं नसतं.

घरची दारात उभी राहून पाहे. "दादांच्या कापसाले वास लागीन."

"लागला तर भाव वाढीन," म्हटलं.

मार्गशीर्ष शु. ८

तीन दिवसांत! मूठ आवळली, उघडली, गोळा दोन ठिकाणी फुटला. पुन्हा आवळली, तीन ठिकाणी. तिकडे बाजेवर चौदा दिवस, इकडे तीन.

माठाले आतून करडीचं तेल चोळलं, कोरडा माठ मालाची ओल पिऊन टाकते म्हणून. दाबून दाबून भरलं, हवा राहू द्यायची नाही. तोंडावर पळसाची पानं, वर फडकं, वर मेण. ठेवला देवघराच्या कोपऱ्यात. एक माठ झाला. चाचांले निरोप धाडला की अर्धं काम उरकलं. मनात आलं, हंडी आपल्या घरी कुठी ठेवायची ते आताच पाहून ठेवावं. चुलीपासून दूर, भिंतीशी. तिथली पाटी घरचीनं हलवली. कुरकुर केली पण हलवली.

मार्गशीर्ष व. १

दादांच्या कापसाले व्यापारी आला. मूठभर उचलला, नाकाले लावला, शिंकला. दादा लालबुंद. मी मळ्यात निघून गेलो.

पौष शु. ४, संक्रांत

वाटोळं झालं.

शेजारचा तुकाराम तिळगूळ घेऊन आला. म्हटलं, बस, चाचांच्या आधी तुले चाखवतो. मोठेपणा अंगात आला होता माझ्या. माठाचं मेण फोडलं. वास भरपूर, मी खूष. चिलीम भरली, तुकारामानं ओढली अन् जो खोकला सुटला त्याले! डोळ्यांतून पाणी. म्हणे, "नामा, यात काय घातलं बे? समईची वात जळल्यावानी लागते."

मी ओढली. खरंच. आधी गूळ, मंग पान, अन् लगेच जळकी वात.

परातीत माल ओतून उन्हात पाहिला. तंतू. केसाहून बारीक, पांढरे, प्रत्येक चुऱ्याले चिकटलेले. धोतर एकपदरी, जुनं, त्यातून कापूस वर आला. गुळाच्या चिकट्याले बसला. भरताना मले दिसला नाही कावून की त्या खोलीत अंधार, अन् मी आपल्याच तोऱ्यात.

दुपारी जेवलो नाही. आपल्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. दलालाचा भुसा अन् माझा कापूस, फरक काय?

पौष शु. ६

दोन दिवस हातानं तंतू वेचले. मूठभर साफ झालं. या हिशोबानं होळी येईन.

घरची बसून पाहे. आज उठली, पेटीतून तिच्या बापानं दिलेलं घोंगडं काढलं, नवं, खरखरीत लोकरीचं. म्हणे, "सरका." माल त्यावर टाकला अन् दोन टोकं धरून घोळवलं, धान घोळवतो तसं. चार वेळा घोळवून माल बाजूले काढला. घोंगड्यावर पांढरं जाळं! लोकरीनं कापूस धरून ठेवला.

"हे तुले कसं सुचलं व?"

"रोज तुमच्या दादाचा कापूस लुगड्याले चिकटते, घोंगड्यावर निजलं की सकाळी लुगडं साफ. तुमाले इचारायचं नव्हतं, मी कावून सांगू?"

खरं आहे. विचारलं नव्हतं.

पौष शु. ९

बाराव्या घोळवणीले धूर बराच साफ. पण इतका हालवला की माल कोरडा झाला. मूठ उघडली तर भुगा. आता ओल परत द्यायची. पाणी शिंपडलं तर डाग पडून सडते. चाचांले एकदा करताना पाहिलं होतं: ओलं खापर फडक्यात गुंडाळून माठात टांगायचं, मालाले लागू द्यायचं नाही. तसं केलं. रोज खापर बदलतो.

दुसरा माठ उघडला. हा कापसाले लागू देणार नाही. बाजेवर घोंगडं, त्यावर माल, दुपारी चार घटका पडवीत, उन्हं उतरायच्या आत बाज घरात. दर वेळी उलटवायचा. हात दुखतात. दुखू दे.

दादांनी विचारलं, "घरात बाज कुठी लावून राहिला?" म्हटलं, तुमच्या कापसाच्या दारात. वाटेल ते करा, पण दार उघडं राहीन, आतली कोरडी हवा मालाले पाहिजे. दादा पाहतच राहिले. संध्याकाळी स्वतःच दोन गाठोडी मागं सरकवली.

पौष पौर्णिमा

चाचांकडून शबेबरातचा हलवा आला. सोबत निरोप, "दलाल येऊन गेला. त्याच्या मालाचा वास सांगत होता, कस्तुरी म्हणे. तुझं किती राहिलं?" म्हटलं, आठ दिवस.

कस्तुरी! दलालाच्या मालाले कस्तुरी! चाचा हे ऐकून कसे घेतात?

पौष व. ६

दुसरा माठ जमला. तीन वेगळ्या दिवशी मूठ आवळून पाहिली, तीनही वेळा गोळा हळूच फुटला. चिलीम ओढली, आधी एकट्यानं. मंग तुकारामाले दिली. खोकला नाही. तुकाराम डोळे मिटून बसला अन् परत मागितली. हे मी लिहून ठेवतो: बारा वर्षांत चाचांचा असा माल उतरला नाही. लिहिलं. खोडणार नाही.

पहिला माठ ठीक. ओल बरोबर आली. पण शेवटच्या झुरक्याले जरा, अगदी जरा, वात लागतेच.

पौष व. १०

घरचीनं सरळ विचारलं. "पहिला माठ नेता का?"

दोन्ही न्यायचं ठरलं होतं. दुसऱ्याचेच दोन भाग करून दोन माठ भरले तर? चाचांले कळणार नाही. कळीन. त्यांचं नाक! आम्ही सहा जण हाताखाली होतो तेव्हा कोणी कोणत्या दिवशी हात न धुता मळलं तेही सांगत.

पण त्यासाठी नाही. लपवून हंडी आणली तर भिंतीशी ठेवताना घरची माझ्याकडे पाहीन, अन् मले ते सहन व्हायचं नाही. दोन्ही नेतो. सांगतो. मंग त्यांची मर्जी.

पौष व. १३

चांद दोनतीन दिवसांवर. दोन्ही माठ घेऊन गेलो. सकाळी. चाचा ओसरीवर, शाल घेऊन. बारीक झाले.

पहिलाच माठ पुढं केला. म्हटलं, "उस्ताद, यात माझ्याकडून कापूस पडला." सगळं सांगितलं. ढीग, धोतर, घोंगडं. चाचा ऐकत राहिले. चिलीम भरायले लावली पहिल्याचीच. ओढली. शेवटपर्यंत ओढली.

मी हात जोडून बसलो होतो. खोकला नाही, भुवई वर नाही. मंग दुसऱ्या माठाची. तीही तशीच ओढली. चेहरा तोच.

म्हटलं, "काय म्हंता?"

चाचांनी चिलीम खाली ठेवली. "नामा, मले वास येत नाही. दोन साल झाले. तापात गेला तो गेला. गूळ अन् शेण, दोन्ही सारखंच." हसले. "कोणाले सांगितलं नाही. नाक गेलेल्या तंबाखूवाल्याले कोण उस्ताद म्हणीन? दलाल म्हणे कस्तुरी, मी म्हटलं असेल. तू म्हंतो कापूस. पन्नास साल तारीफच ऐकली मी. आपला माल बिघडला म्हणून सांगणारा तूच पहिला."

मी चिलीम उचलली अन् राख झाडली.

"हंडी तुझी," म्हणाले. "पण आधी एक काम कर. दोन साल झाले, अंदाजानंच चाललं. उघड तिले, अन् मले सांग, जिती आहे का."

आतल्या खोलीतून हंडी आणली. झाकणावरचं फडकं काढलं. वाकलो.

काहीच नाही. आंबट नाही, गोड नाही, सडकाही नाही. भिजलेल्या मातीचा वास, विहिरीकाठी येते तसा. परत वाकलो. परत तेच.

चाचा माझ्या तोंडाकडे पाहत होते. डोळे त्यांचे अजून चांगले आहेत. मी म्हटलं, "उस्ताद, मले सकाळपासून सर्दी. नाक बंद. उद्या येऊन सांगतो."

कापसाचं घडाघडा सांगून बसलो अन् हे जमलं नाही.

चाचा म्हणाले, "उद्या ये मंग. घाई नाही."

घरी येऊन घरचीले सांगितलं. ती म्हणे, आषाढात त्या हंडीतून मूठ घेतली तेव्हा माल फुगला का नाही? फुगला, म्हटलं. नाही तर दोन माठ उतरले कसे. "मंग तेव्हा जीव होता. तो आता तुमच्या दुसऱ्या माठात आहे. तिकडून परत हंडीत जाईन."

जाईन? चाचांनी कधी असं केलेलं पाहिलं नाही. मी केलं नाही. पण मळणारे हात माझे, मले जमून जाईन.

दुसऱ्या माठातली एक मूठ काढून फडक्यात बांधली. उद्या सकाळी जातो. आधी मूठ टाकून आठ दिवस थांबू अन् मंग सांगू, का आधी सांगू अन् मंग चाचांच्याच हातानं मूठ टाकवू, ते अजून ठरत नाही. घरची म्हंते, आधी सांगा. फडकं उंबऱ्याजवळ ठेवलं आहे.