आईला सोडवायला

प्रिय धाकट्या,

तुझ्याशी थेट बोलायचं नाही, असं माझ्या वकिलांनी बजावलंय. पण तुझं शेंबडं नाक मी पुसलंय, त्यांनी नाही. उद्याच्या तारखेसाठी तू लॉजवर येऊन उतरलास, घरी आला नाहीस, हे शेजारच्या काकांकडून कळलं. त्यांच्याच हाती हे पत्र देतेय. मला फार भीती वाटतेय रे.

आईला आता दिवस-वार कळत नाहीत, माणसं ओळखू येत नाहीत. तू म्हणतोस, तिला तुझ्या शहरात नेतो. मी म्हणते, ही खोली सुटली तर तिचं उरलंसुरलंही जाईल. तिचा पालक कोण, एवढ्यावरून आपण कोर्टाची पायरी चढलो. घरचं भांडण म्हणून मी आधी कौटुंबिक न्यायालयात गेले. तिथला कारकून म्हणाला, इथे फक्त नवरा-बायको आणि त्यांची पोरं. ज्येष्ठांच्या न्यायाधिकरणात मुलं सांभाळत नाहीत अशी तक्रार लागते, आणि आपण तर दोघंही तिला सांभाळायला हट्टाला पेटलेले, म्हणजे तिथेही बाद. शेवटी अर्ज जिल्हा न्यायालयात लागला. तेव्हा हे सगळं तुला रंगवून सांगावंसं वाटलं होतं. पण आपलं बोलणं बंद होतं.

मागच्या तारखेला तू उशिरा आलास, म्हणून एक गोष्ट तुला माहीत नाही. शिपायाने दारात येऊन पुकारा केला. आपली नावं घेतली, मग आईचंही घेतलं, चांगलं खणखणीत. ती बाकावरून ताडकन उठली आणि हात जोडून उभी राहिली. आरोपी आपणच, असं तिने धरून घेतलंय. तेव्हापासून दाराची बेल वाजली की कपाटाआड जाऊन बसते. पिशवीत दोन लुगडी आणि चष्मा भरून ठेवलाय. मी काय केलं, असं सारखं विचारते. कितीही समजावलं तरी घटकाभराने पुन्हा तेच.

उद्या न्यायाधीश तिच्याशी दालनात एकटीशीच बोलणार. आपण दोघंही बाहेर. माणूस भला आहे म्हणतात, पण तिला ते कुठून कळणार? न केलेला गुन्हा ती कबूल करेल, पाया पडेल, आणि मी दाराबाहेर बसून राहीन.

आज संध्याकाळी औषध द्यायला गेले, तर तिने मला नर्स समजून जवळ ओढलं. दार लावायला सांगितलं आणि कानात म्हणाली, "केस कोणी केली ते मला कळलंय. ती बाई याच घरात राहते. तिला कळू देऊ नका, पण माझ्या मुलाला सांगा, मला सोडवायला ये." मी सांगते म्हटलं. तिला शब्द दिलाय, म्हणून हे पत्र. उद्या कोर्टात नको, सकाळी घरीच ये आणि तिला घेऊन जा. मी अर्ज मागे घेते.

काही झालं तरी तुझीच,
ताई