खांबाची चावी

४ फेब्रुवारी, मंगळवार

हात साबणाने भरलेले आणि बेल! गल्लीतला टॅक्सीवाला. खांबाची चावी हवी. कपाट आणलंय म्हणे, टेम्पो गल्लीबाहेर उभा. म्हटलं, काल सांगायला तोंड नव्हतं का? तर म्हणतो, "काल सांगितलं असतं तर आजचा ओरडा बुडाला असता ना, काकू!" पन्नाशी आली, दात काढायची सवय जात नाही.

टेम्पोवाला कुरकुरला – कशाला हवा हा खांब? त्याला सुनावलं. गल्ली आमच्या पाच घरांची, खाजगी. बाजाराकडे जायला गावभरच्या गाड्या आतून घुसायच्या, म्हणून ह्यांनी सगळ्यांना विचारून तोंडाशी खांब बसवला. बुडाशी कुलूप. कुलूप काढलं की खांब आडवा होतो, गाडी आत. आमचं घर तोंडाशीच, म्हणून चावी आमच्याकडे. हे गेले, चावी राहिली.

संध्याकाळी परत आणून दिली. वेळेवर. खिळ्याला अडकवली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कोणी आलं नाही. टीव्हीवरच्या बाईने "कशा आहात?" विचारलं. "बरी आहे" म्हणून गेले. मग बंदच केला.

९ फेब्रुवारी, रविवार

डोक्यात तेच फिरतंय. लिहून काढलं की थांबेल.

आंघोळीला बसले होते. सायरन. आपल्याच गल्लीशी! अंगावर कसंबसं लुगडं गुंडाळलं, खिळ्यावरची चावी ओढली, ओल्या केसांनी धावले. शेवटच्या घरातल्या शिंपिणीची सासू – छातीत कळ. पण मी पोचेपर्यंत अँब्युलन्स आत! खांब आडवा. कुलूप कडीला लोंबकळतंय, उघडं. फोडलेलं नाही, ओरखडासुद्धा नाही. आणि चावी माझ्या मुठीत.

म्हातारी वाचली. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

सगळे सुटकेचा निःश्वास टाकत होते. मी त्या कुलपाकडे बघत होते. म्हणजे काल मी लावलंच नाही. रोज रात्री ओढून बघते मी. काल ओढलं होतं! ओढलं होतं ना?

आईचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या. मग दूध गॅसवर. मग आम्ही.

१० फेब्रुवारी, सोमवार

कुलूप ओढून पाहिलं. पुन्हा जाऊन पाहिलं. पुन्हा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गल्ली तपासून जा म्हणून अग्निशमन दलाला मीच फोन केला होता. आज त्यांचा माणूस टेप घेऊन आला. जाडजूड, सावकाश. गल्लीची रुंदी मापली, शेवटाला बंब वळेल का पाहिलं, कोपऱ्यातल्या कुंड्या हलवायला लावल्या. मी म्हटलं, रस्ता खाजगी आहे. "आग कुठे पाटी वाचून येते, बाई?"

मग विचारलं, चावी कोणाकडे?

"माझ्याकडे."

"आणि तुम्ही घरी नसलात तर?"

"मी घरीच असते."

टेप गुंडाळताना त्याने वर पाहिलं. खांब काढा म्हणाला; बाहेरच्या गाड्यांसाठी पाटी लावा, आणि गल्लीत कोणी गाडी उभी करायची नाही.

त्याचं बरोबरच आहे. आंघोळीला बसलेल्या बाईवर कोणाचा जीव टांगून ठेवायचा नसतो. त्यातून विसरभोळ्या बाईवर!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाचही घरांना माझ्या पायरीशी बोलावलं. आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, "त्या दिवशी कुलूप मी उघडं विसरले. नशीब म्हणून निभावलं. माझा भरवसा आता मलाच नाही. खांब काढून टाका."

शिंपिणीने तोंड उघडलं, तर टॅक्सीवाल्याने डोळे वटारले. तो म्हणाला, "असू दे की काकू, काय घाई आहे?"

कीव! ती तेवढी नको मला. "घाई आहे," म्हटलं आणि दार लावून घेतलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

खांब काढला. भोकात सिमेंट भरलं. ओल्या सिमेंटवरून मांजर गेलं, पंजे उमटले. चावी खिळ्यावरच आहे. टाकायची तरी कुठे?

२० फेब्रुवारी, गुरुवार

टेम्पो आला, गेला. पाण्याचा टँकर आला, गेला. सगळं सरळ आत, सरळ बाहेर. उत्तम! असंच हवं.

बेल बिघडली असेल म्हणून स्वतः बाहेर जाऊन वाजवून पाहिली. चांगली वाजते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

शिंपीण आली. दारातच उभी. पदराखालून एक चावी काढली, चिंधीत बांधलेली. माझ्या चावीची जुळी बहीण!

"काकू, तुम्ही नव्हता विसरला. कुलूप मी काढलं. सासूबाईंनी रात्रभर झोपू दिलं नाही – म्हणाल्या, ती बाई स्वतःला खुळी समजायला लागलीय आणि तू गप्प बसतेस?"

चावी कुठून आली, विचारलं.

"काकांनी दिली. शेवटच्या आजारात. तुम्ही औषधं आणायला गेला होता. सगळ्यांना बोलावून एकेक दिली. म्हणाले, जिवावर बेतलं तरच वापरा. एरवी हिच्याकडेच मागायची. ओरडेल. ओरडू द्या."

म्हणजे चारही घरांत! इतकी वर्षं! कपाटं, गाद्या, दर रविवारी टॅक्सी धुवायला आत घेणं – सगळ्यांच्या खिशात चावी, आणि बेल माझी!

डोकंच फिरलं. म्हटलं, दया करत होता माझ्यावर? सगळे मिळून?

"दया कसली, काकू? शिव्या खायला यायचो!"

तिला आत ये म्हटलं नाही. ती वळली. फाटकाशी पोचली तेव्हा म्हटलं. सासूची चौकशी केली. ब्लाउजच्या बाह्यांवरून भांडलो. ती गेल्यावर ह्यांच्या फोटोसमोर उभी राहिले. एक अक्षर बोलले नाहीत मला! आणि मी इथे आईच्या वाटेने निघाले होते.

२३ फेब्रुवारी, रविवार

बेल. टॅक्सीवाला, हातात बादली. त्याच्या पाठीमागे गल्ली उघडी, सिमेंटवर मांजराचे पंजे.

"काय हवंय?"

"चावी."

खिळ्यावरून काढून दिली. म्हटलं, संध्याकाळपर्यंत परत आली पाहिजे.