तीन बोटं

जळगाव,
१८ नोव्हेंबर

प्रिय लीलाधरभाऊ,
सप्रेम नमस्कार.

मी बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते, दवाखान्यात जाते. आबांचा खोकला कसा आहे? कापूस वेचायला बायका मिळाल्या का? वहिनीचं लोणचं मैत्रिणींनी आल्या आल्या फस्त केलं. फोनवर तू 'गिऱ्हाईक आलं' म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र.

सध्या माझ्याकडे नव्या डॉक्टरांना शिकवायचं काम आहे. पेशंटचा श्वास अडला की तोंडातून श्वासनळीत नळी कशी घालायची, ते. सराव रबरी पुतळ्यावर. दातांवर जोर पडला की पुतळा टक् वाजतो आणि मी ओरडते. हल्ली जरा जास्तच ओरडते. पण पुतळ्याचं तोंड केवढं उघडतं! आपल्याकडे असं तोंड घेऊन येतं कोण? परवा बोदवडचा एक माणूस आणला, मोटरसायकलवरून पडलेला. गुटख्याच्या पुड्या खाऊन खाऊन जबडा आखडलेला, नळी घालायला वाटच नाही. शेवटी मी त्याचा गळा पुढून कापून नळी घातली. वाचला तो.

म्हणून काल पुतळा बाजूला ठेवला आणि सगळ्यांना म्हटलं, आपापली तीन बोटं उभी तोंडात घालून बघा. भूषण म्हणून एक पोरगा आहे, त्याची दोनच गेली. "मॅडम, मना बोटंच जाडा शेतस," म्हणाला. सगळे हसले. मग त्यालाच हसू येईना. खिशातली पुडी काढून त्यानं माझ्या टेबलावर ठेवली.

मला मामांच्या दीपमालाचा साखरपुडा आठवला. लहानपणी मला हसवायला अख्खा लाडू एका घासात कोंबणारा तू, त्या दिवशी लाडू चिमटीनं मोडून खात होतास. विचारलं तर "दाढ दुखी ऱ्हायनी" म्हणालास. वहिनी तुला भाकरी दुधात कुस्करून देते, तेही पाहिलं मी.

चिडशील. चीड खुशाल. मला भीती वाटतेय, भाऊ, फार भीती वाटतेय.

आरशासमोर उभा राहा, हवं तर दार लावून घे. तीन बोटं गेली तर फोन करून मला पोटभर शिव्या दे. नाही गेली तर पुड्या फेक आणि मिळेल त्या एसटीनं इकडे ये, उपचार आहेत. बाकी कुणाच्याही गळ्यावर माझा हात चालेल. तुझ्या नाही चालणार.

उत्तर लिहू नकोस, ये.

तुझी
हेमांगी