कोठीचं कुलूप

अण्णा, आज सकाळपासून माझं कशातच लक्ष लागत नाही. तुम्ही मठाची कोठी सांभाळायचात, मी इथे शारजात कामगारांच्या कॅम्पमधली सांभाळते. तांदूळ, डाळ, तेल, सगळं तेच. तुमच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा, तसा माझ्याही पर्समध्ये आहे.

तुमचा नियम मला अजून पाठ आहे. संध्याकाळचा शिधा मापून दिला की कोठीला कुलूप, मग साक्षात स्वामी आले तरी ते सकाळपर्यंत उघडायचं नाही. आणि मठाच्या दारातून कुणी उपाशी जायचं नाही, हाही तुमचाच नियम. दोन्ही पाळायचे म्हणून उशिरा आलेल्या यात्रेकरूंसाठी तुम्ही आमच्या चुलीवरचं भाताचं पातेलं उचलून न्यायचात. गाव म्हणायचं, काय सचोटीचा माणूस! आईला मग कुठल्याही वारी उपवास निघायचा. एकदा मी रागाने म्हणाले, कोठी भरलेली आहे की, तिथलं द्या. तुम्ही ओरडला नाहीत. "ते आपलं नाही," एवढंच म्हणालात आणि पातेलं घेऊन गेलात. मला तुमचा फार राग यायचा. अजून येतो.

आमच्या साहेबांचा नवा हुकूम आहे, आठनंतर कोठीतून दाणाही काढायचा नाही, अन्न वाया जातं. काल दुबईहून येणारी आमची व्हॅन जाममध्ये अडकली आणि सात-आठ जण उशिरा पोचले. रत्नागिरीकडचा ड्रायव्हर हळूच म्हणाला, "ताई, पोरं सकाळपासून साइटवर आहेत." मी साहेबांना फोन लावला. "मॅडम, टाइम खलास, तो खाना भी खलास," म्हणाले. इथून जवळच, रोल्ला भागात माझ्या घरी कुकर झालेला होता. तुमची लेक ना मी, कुलूप लावून गाडीत बसले, घरी फोन करून म्हटलं, भात डब्यात भर, मी न्यायला येतेय. पलीकडून तुमची नात म्हणाली, "बट मम्मा, दॅट्स अवर डिनर."

मी गाडीतून उतरले, कोठी उघडली आणि तांदूळ काढून दिले. पोरं पोटभर जेवली.

आता दुपारी साहेबांनी बोलावलंय. नोकरी गेली तर व्हिसा जाईल, पोरीची शाळा जाईल. तुम्ही असतात तर हे तुमच्यासमोर बोलायची माझी छाती झाली नसती, म्हणून लिहितेय. पाठवणार तरी कुठे? पण खरं सांगते अण्णा, कुलूप काढताना मला आई आठवत होती.