बावीस नंबरचं टिंब

भाट्ये, रत्नागिरी
कार्तिक वद्य सप्तमी (कॅलेंडर बघून लिहिली आहे, चुकली असल्यास दोष छापणाऱ्याचा)

तीर्थरूप बाबूकाकांस,

सलिलचा साष्टांग नमस्कार. काकूंना वेगळा नमस्कार लिहीत नाही, कारण हे पत्र काकूंच्या हाती पडू नये म्हणूनच ते घरी न पाठवता तुमच्या वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवतो आहे. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुमची सून ऋजुता माझ्याशी कामापुरतं बोलते. आप्पांचा डोळा कसा आहे? पडद्याच्या ऑपरेशननंतर पंधरा दिवस पालथं पडून राहायचं म्हणजे शिक्षाच. ज्या माणसाने जन्मभर झाडांच्या शेंड्यांकडे बघितलं त्याला तुमच्या डोंबिवलीच्या फरशीकडे बघत ठेवलंय. फरशी कुठल्या रंगाची आहे ते आठवत नाही, पण आप्पांनी आत्तापर्यंत तिला नावं ठेवली असतील.

फोन का केला नाही, असं विचाराल. काका, तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो, आणि मेसेज आला की काकू तो आप्पांना मोठ्याने वाचून दाखवतात. (परवा त्यांनी विम्याची जाहिरातसुद्धा शेवटपर्यंत वाचली. आप्पांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि 'कोणाचं पत्र?' म्हणून विचारलं.) तेव्हा हे पत्र तुम्ही एकट्याने वाचा, वाचनालयातच वाचा, आणि घरी जाताना चेहरा नीट करून जा. विहिरीकडचा रायवळ आंबा आता नाही. वादळ झालं नाही, कीड लागली नाही. मी पाडला. आप्पांना माहीत नाही. ज्या रायवळावरून पडून तुम्ही सातवीत हात मोडून घेतलात, तोच. कसं झालं ते सविस्तर सांगतो, कारण थोडक्यात सांगितलं तर मी मूर्ख दिसतो, आणि सविस्तर सांगितल्यावर तुम्हाला दुसरा शब्द शोधावा लागेल.

आप्पांच्या वह्या तुम्हाला ठाऊक आहेत. चौऱ्याऐंशीपासून दरवर्षी, दर झाडाचे आंबे किती, मोहोर कधी, तुडतुडा कधी. एकसष्ट झाडं, एक्केचाळीस वर्षं. सात वर्षांपूर्वी आप्पांना शेजारी बसवून मी तोवरच्या सगळ्या लॅपटॉपमध्ये भरल्या, पुढच्या दरवर्षी भरत गेलो. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो हे आप्पांना त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा खरं वाटलं. पुढे त्या आकड्यांवर चालणारं एक पॅकेज करायचं मनात आलं. पॅकेज म्हणजे काय, तर कोणत्याही बागायतदाराने आपल्या वहीतले आकडे भरावेत आणि कोणतं झाड धरतंय, कोणतं नुसतंच उभं आहे, याची यादी मिळावी. यंदा एका संस्थेने जुन्या बागांच्या नूतनीकरणाची योजना काढली. न धरणारी झाडं काढा, नवी कलमं आम्ही देतो, मात्र यादी शास्त्रीय हवी. म्हटलं, पॅकेज पुरं करू, पहिल्या पानावर आप्पांचं नाव घालू, आणि आप्पांची पट्टी सुटली की पहिलं तेच दाखवू. हेतू चांगला होता. (हे वाक्य मी गेल्या आठवड्यात इतक्यांदा म्हटलंय की ऋजुताने ते पुन्हा म्हणायला मनाई केली आहे. लिहायला केलेली नाही.)

आता यातली खोच. माझ्या लॅपटॉपवर पॅकेज झकास चाललं. पुण्यात मनस्विनी आहे, माझी जुनी विद्यार्थिनी, तिच्याकडे तपासायला पाठवलं तर तिला माझं एकही फंक्शन सापडेना. प्रत्येक पॅकेजला आपला एक नेमस्पेस असतो. बागेच्या दगडी गडग्यासारखा समजा. आतलं आत, बाहेरचं बाहेर, आणि बाहेरच्यांना काय द्यायचं ते एका फाइलीत लिहावं लागतं. मी गडगा घातला होता, आत-बाहेर करायला बेडं ठेवायला विसरलो होतो. ते ठेवलं. मग म्हणे दुसऱ्या कुणाच्या पॅकेजमधली फंक्शनं तुम्ही न सांगता वापरताय, ती आत आणा. आणली. मग आणलेल्या दोघांची नावं एकच निघाली, त्यांची भांडणं. चार दिवस माझी सकाळ यात जायची आणि वर्गात मुलं हजेरीला 'येस सर' म्हणाली की मला तेसुद्धा खोटं वाटायचं. शेवटी एकच तक्रार उरली. मनस्विनीने लिहिलं, "सर, .r नावाचं काहीतरी सापडत नाहीये." आधी टिंब, मग आर.

कोडमध्ये ओळ होती: जी झाडं .r मध्ये आहेत ती सोडून बाकीची घे. ओळ माझीच. पण हा .r कोण, ते मला काही केल्या आठवेना. लॅपटॉपला म्हटलं, तुझ्याकडे आहे तेवढ्या सगळ्या वस्तूंची यादी दे. यादी आली, त्यात .r नाही. नाही, तरी माझ्याकडे पॅकेज चालतंय! काका, या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ज्याचं नाव टिंबाने सुरू होतं ते यादीत दिसत नाही. असतं, कामं करतं, पण यादी मागितली की पुढे येत नाही. (आपल्या घरात अशी किती माणसं होऊन गेली ते तुम्ही मोजा, मला धीर नाही.) माझं फंक्शन .r ला आधी गडग्याच्या आत शोधायचं, तिथे सापडलं नाही की बाहेर माझ्या पसाऱ्यात यायचं, आणि तिथे .r सात वर्षं पडून होता. कारण लॅपटॉप बंद करताना आजचा पसारा जपून ठेवू का, असं तो विचारतो, आणि मी दरवेळी हो म्हणतो. (ऋजुताच्या मते माझं कपाट बघितल्यावर हा प्रश्न विचारायची गरजच नाही.) मनस्विनीकडे माझा पसारा नव्हता, म्हणून तिच्याकडे अडत होतं. हे सगळं मला आज समजतं. तेव्हा नुसतं .r लिहून एंटर दाबलं असतं तरी आत काय आहे ते समोर आलं असतं. दोन अक्षरं. पण मी पडलो यादीवर विश्वास ठेवणारा माणूस. यादीत नाही म्हणजे नाही. मनस्विनी म्हणाली, सर, तूर्त तो रिकामा ठेवून पॅकेजमध्ये घाला, तपासणी पास होईल, मग निवांत बघू. घातला. शून्य चुका, शून्य इशारे, शून्य टिपा. मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

आणि यादी काढली. न धरणारी अकरा झाडं. पूर्वी दहा यायची, हे माझ्या लक्षातही आलं नाही. पहिलाच नंबर बावीस: एक्केचाळीस वर्षं, शून्य आंबे. इतकं नालायक झाड आपल्या बागेत होतं याचं मला थोडं हसूच आलं. काका, घरात त्याला कोणी कधी बावीस म्हटलंय का? विहिरीकडचा, नाहीतर जागेच्या देवाचा, राखणदाराचा. आप्पांनी खोडांवर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेत, पण ते वहीसाठी आणि आपल्या गड्यासाठी, धाकूसाठी. मी यादी छापली, धाकूच्या हातात दिली, करवतवाल्याला गुरुवार दिला आणि कॉलेजात गेलो.

त्या दिवशी सकाळच्या तासाला धाकूचे तीन फोन आले. मी संभाव्यता शिकवत होतो. तिसऱ्याला फोन कापला आणि मेसेज टाकला: यादीप्रमाणे करा. चार वाजता बेड्यातून आत शिरलो तर विहिरीवर ऊन होतं. त्या जागी मी जन्मात ऊन बघितलं नव्हतं. क्षणभर वाटलं, चुकून दुसऱ्याच्या आवारात आलो. बुंध्याशी नारळ फोडलेला, वर हळदकुंकू. धाकू गडग्यावर बसला होता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी तीन येळा फोन केला, तुमी उचललात नाय. मग मैनान् वाचून दावलान्, यादीपरमाणं करा. म्हनून केलं. राखणदाराला सांगून केलं." मैना म्हणजे त्याची लेक. मी विचारलं, काय सांगितलंस? तर म्हणाला, "सलिलभाऊंनी सांगितलानी म्हनून सांगितलं." त्याने माझं नाव सांगितलं काका, आप्पांचं नाही. खरं तेच सांगितलं, तरी मला त्याचा राग आला, अजून आहे.

घरी येऊन आधी वह्या काढल्या. दरवर्षी, दर पानावर, बावीसच्या पुढे आकडा नाही. एक टिंब आहे. शाईचं, नीट गोल. एक्केचाळीस टिंबं. त्यांना शून्य समजून मी सात वर्षांपूर्वी भरत सुटलो होतो तेव्हा आप्पा म्हणाले होते, "तो धरायचा नाही रे. राखणदाराचे मोजायचे नसतात, लिहायचेही नसतात." आता मला ते त्यांच्या आवाजात आठवतं. आणि मी, आज्ञाधारक मुलगा, भरलेली शून्यं न पुसता, तो हिशेबात येऊ नये म्हणून एक वस्तू केली, नाव ठेवलं राखणचा आर, आणि लिहायचं नाही म्हटलेलं म्हणून आधी टिंब लावलं. म्हणजे दिसणार नाही. लॅपटॉप उघडून लपलेल्यांसकट यादी मागितली (तसं मागता येतं, मला ते माहीत होतं). .r आला. आत एकच आकडा: २२.

दर हंगामात त्याच्या आंब्यांची पहिली पाटी बुंध्याशी ठेवायची, बाकीचे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे, पोरांचे, कावळ्यांचे. आपल्या बागेतलं सगळ्यात जास्त धरणारं झाड तेच होतं हे शेंबडं पोरही सांगेल, फक्त आकड्यांत नव्हतं. मी देवभोळा नाही, राखणदार रागावेल अशी भीती मला वाटत नाही. मला आप्पांची लाज वाटते. त्यांनी एका झाडापुरतं न मोजायचं ठरवलं होतं, आणि मी त्यांचंच नाव घातलेल्या पॅकेजने ते झाड मोजून पाडलं.

काकूंना, मुलांना आशीर्वाद-नमस्कार जसे असतील तसे मनातल्या मनात पोचवा. कळावे, लोभ होता तितका राहील अशी अपेक्षा नाही.

तुमचा,
सलिल

ता. क. मुख्य काम राहिलंच. पट्टी सुटली तरी आप्पांना पौष संपेपर्यंत तिथेच ठेवून घ्या. डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय म्हणा, काहीही म्हणा. तोवर मी विहिरीकडे काहीतरी करतो. काय, ते अजून ठरलेलं नाही.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच काकूंचा फोन आला (स्पीकरवर). डॉक्टर म्हणतात उजव्या डोळ्याची खात्री देता येत नाही. डावा तर आधीच नावाला आहे. मी अरेरे म्हणालो. पण अरेरे म्हणण्याआधी मला एक क्षण बरं वाटलं. म्हणजे त्यांना दिसणार नाही, असं वाटून बरं वाटलं. हे मी ऋजुतालाही सांगितलेलं नाही. तेवढ्यात फरशीच्या बाजूने आप्पांचा आवाज आला, "विहिरीकडचा बरा आहे ना रे?" मी हो म्हणालो.

शेवटचा ता. क. वरची विनंती रद्द समजा. (खोडत नाही, तीही असू दे.) हे पत्र वाचनालयात ठेवू नका, घरी न्या आणि काकूंना द्या. त्यांना सांगा, मोठ्याने वाचा, कंसांसकट वाचा, विम्याची जाहिरात वाचता तसं शेवटपर्यंत वाचा. आप्पा ऐकून काही बोलले नाहीत तर मला कळवू नका. बोलले तर लगेच फोन लावा, आणि स्पीकरवरच ठेवा.