अडॅप्टरची पिन

अमरावती. गुरुवार, संध्याकाळ.

लॅपटॉपचा अडॅप्टर गेला. चार्ज झाला नाही तर रविवारी व्हिडिओ कॉलवर पोराचा चेहरा कसा दिसणार? तो फोनवर म्हणाला, "बाबा, जुना सोबत न्या. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि पिन जुळली पाहिजे. नाहीतर मी ऑनलाइन मागवतो." नको म्हटलं. का नको, हे त्याला काय सांगू?

दुकानदाराने आधी गावच विचारलं. दर्यापूर म्हटल्याबरोबर, "मंग तुमी आपलेच! बसा काका." स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. घरी कोण कोण असते? एकटाच, म्हटलं. "मंग जेवनाचं कसं करता?" किती दिवसांनी कुणी हे विचारलं!

व्होल्ट-अँपिअर मी चिठ्ठीवर लिहूनच नेले होते. त्याने दोन अडॅप्टर काढले. "पिन कोणती काका, जाडी का बारीक? दुसरी बसनच नाही त्यात."

"ते नाही पाहिलं बुवा."

"काही हरकत नाही. उद्या जुना घेऊन या."

येतो म्हटलं. चहा सावकाश संपवला.

आता पिशवी रिकामी केली. कोथिंबिरीखाली जुना अडॅप्टर, वायर नीट गुंडाळलेली. दुकानात ही पिशवी माझ्या मांडीवरच होती. या वयात हे काय सुचलं मला? पिन बारीक आहे. घरून निघतानाच पाहिली होती.

उद्या तर दाखवावीच लागेल. मग परवा काय विचारायला जाऊ?