दशम्यांचा डबा

पनवेल, १० जून २०१७, शनिवार

संध्याकाळी शेजारचे दिनूभाऊ आले होते. त्यांनाही लंडनमार्गे अमेरिकेला जायचंय. "ते स्वस्तातलं विमान खरंच स्वस्त पडतं का हो?" मी ऐटीत म्हणालो, "आम्ही निम्म्यात गेलो!" खोटं नाही. तिकीट निम्म्यातच मिळालं होतं.

सुमन आत पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

लंडनला मुलाच्या घरून बॉस्टनला लेकीकडे निघताना तिने दशम्यांचा डबा भरला होता. मीच तो ओट्यावर ठेवायला लावला. "विमानात जेवण देतात. सगळ्यांसमोर डबा उघडून लाज काढू नकोस." तिला मधुमेह आहे, हे काय मला माहीत नव्हतं? विमानात जेवण विकत, तेही फक्त कार्डावर. माझ्या खिशात नुसते डॉलर. खाली समुद्र, आणि उपाशीपोटी सुमनची साखर उतरली, तिला दरदरून घाम फुटला. तरी कोणाकडे काही मागायची मला लाजच वाटत होती. शेवटी पलीकडच्या बाईंनीच आपल्या कार्डावर रस घेऊन तिला पाजला. त्या बाई झोपलेल्या असत्या तर?

दिनूभाऊंना हे का नाही सांगितलं मी?

उद्या उरणला लग्नाला जायचंय. तासाभराचा तर रस्ता. सुमनने आत्ताच दशम्यांचा डबा भरला आणि माझ्या हातात आणून दिला. "हा तुमच्याजवळच राहू दे," एवढंच म्हणाली.